खातं कुणाच्या नावावर?

२०१२ च्या दिवाळीला माझा भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने आपला वापरलेला आयपॉड टच माझ्या हातात ठेवला. "मावशी, हा तुला. गाणी ऐक." गाणी आणि आवाज टिपायचं एक ॲप, सगळं त्यानेच भरून दिलं होतं. त्याच्या खात्यावरून, त्याच्या लॅपटॉपवरून. मला कोण कौतुक! दुपारच्या निवांत वेळी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्या मी त्यात टिपू लागले. बघता बघता चाळीसेक झाल्या.

मग एकदा नवी भजनं हवीत म्हणून तो आमच्या घरच्या कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक प्रश्न आला. मी न वाचताच 'हो' केलं. ॲप गेलं आणि त्याबरोबर आईच्या ओव्याही गेल्या.

दोष यंत्राचा नव्हता. त्याने विचारलं होतं, मीच वाचलं नाही. तेव्हाची रीत अशी होती, की आयपॉडवरची ॲप्स एका वेळी एकाच कॉम्प्युटरवरच्या आयट्यून्सशी जुळायची. दुसऱ्याशी सिंक केलं, की आधीची पुसून तिथली भरली जायची. ॲप पुसलं की त्याच्या पोटातलंही जायचं. शिवाय ॲप ज्या खात्यावरून घेतलं, त्याच खात्याचं. अपडेट करायचं तरी पासवर्ड भाच्याचा, आणि भाचा सातासमुद्रापार! बॅकअप कशाशी खातात, हे मला ठाऊकच नव्हतं. आईने पुन्हा ओव्या म्हटल्या, पण सगळ्या काही आठवल्या नाहीत.

आता तो जमाना सरला. २०११ पासूनच तारेशिवाय सिंक करता येऊ लागलं होतं, २०१७ मध्ये आयट्यून्समधून ॲप्सचं दुकान गेलं आणि २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड टच बंद होत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. आता हातोहाती फोन आले. पण माझा प्रश्न तिथेच आहे. फोन बाईच्या हातात, पण खातं कुणाच्या नावावर?

आमच्या गल्लीत बघते ना! आईचा फोन लेकाने सुरू करून दिलेला, खातं त्याच्या नावाचं, पासवर्ड त्याच्या डोक्यात. लेक नोकरीला पुण्याला गेला, की नवं ॲप घ्यायलाही आई रविवारच्या फोनची वाट बघणार. नातवंडांचे फोटो, पाककृती, भिशीचा हिशेब, सगळं दुसऱ्याच्या किल्लीत.

कुणी म्हणेल, घरात कसलं माझं-तुझं? अहो, वाटून घ्यायला कुणाची ना आहे? ॲपलनेच २०१४ मध्ये कुटुंबासाठी सोय केली. सहा जणांपर्यंत खरेदी वाटून घेता येते, पण प्रत्येकाचं खातं वेगळं. एकत्र जेवायचं, तरी ताट आपापलं असतंच की! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा बाईच्या नावावर जमीन करा म्हणून सांगितलं. कसते ती, तर कागदावर नाव नको का? इथेही तसंच. वापरते ती, तर खातं तिचंच हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, एका दुपारी एवढं कराच. आपल्या नावाने, आपल्या मोबाइल नंबरवर खातं उघडा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. जपून ठेवायचं ते दोन ठिकाणी साठवा. आणि पडद्यावर प्रश्न आला, की उत्तर देण्याआधी तो वाचा. कळला नाही तर 'नाही' म्हणा, घाई कसली?

लेकाला शेजारी बसवा हवं तर. पण बोटं तुमची चालू द्या.