दोन रात्रींचे परके घर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या विचारणांचा सूर पालटतो. एरवी परीक्षा, पथ्यपाणी, सासर-माहेर यांविषयी विचारणाऱ्या भगिनी ‘कोठे जावे’ असे विचारू लागतात. यंदा पुण्याहून एका वाचक भगिनीचा दूरध्वनी आला. तीन जावा, त्यांची पाच मुले आणि सासू-सासरे असा त्यांचा परिवार. मुलांतील सर्वांत मोठे सात वर्षांचे आणि सर्वांत धाकटे नुकतेच रांगू लागलेले. डहाणूजवळ चिकूच्या वाडीतील एक आख्खा बंगला दोन रात्रींसाठी भाड्याने घ्यावा, असा त्यांचा बेत होता. “हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा स्वस्त पडतो आणि स्वयंपाकघर आपल्या हाती राहते. तुमचे मत काय?” असा त्यांचा प्रश्न.

मी तत्काळ उत्तर दिले नाही. या विषयावर माझे मन स्वच्छ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्यामागचे कारण पुढे येईलच.

डहाणूची ओढ आपल्या व्यापारी कुटुंबांना का वाटते, हे समजण्यासारखे आहे. २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. मोटारीने जाणाऱ्यांना अहमदाबाद महामार्गावरून चारोटीला वळले की झाले. आणखी उत्तरेकडे गेल्यास तलासरी आणि तिच्यापुढे गुजरातची हद्द. सुरत-वापीकडे व्यापारानिमित्त ज्यांचे येणे-जाणे असते, त्यांना हा परिसर वाटेवरचाच. १९९१ च्या जून महिन्यात केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यामुळे औष्णिक वीज केंद्र सोडल्यास मोठे कारखाने येथे फारसे आले नाहीत आणि वाड्या टिकल्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा वाड्यांतून अलीकडे बंगल्यांची संख्या वाढली. मालक मुंबईत, राखणदार जागेवर, आणि गिऱ्हाईक मोबाइलवरची छायाचित्रे पाहून पैसे भरणारे, असा हा व्यवहार.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्हीही असेच पैसे भरले. बरोबर चिरंजीव, सूनबाई, चार वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. आपण व्यापारी माणसे. नमुना एक आणि माल दुसरा निघाला तर गाठोडे तेथल्या तेथे परत करतो. परंतु दुपारी दोन वाजता, दोन दमलेली मुले कडेवर घेऊन, सामान उतरवून झाल्यावर घर कोण परत करणार? छायाचित्रांत खोटे असे काही नव्हते. निळा तरणतलाव होता, पांढऱ्या भिंतीवर वारली चित्रे होती, झोपाळा होता. मात्र तो तलाव बैठकीच्या खोलीच्या सरकत्या काचेच्या दारापासून चार पावलांवर असून त्याला कठडा नाही, ही गोष्ट छायाचित्रात दिसण्यासारखी नव्हती. ते दार आतून कोणासही, अगदी दीड वर्षाच्या बालकासही, ढकलता येत होते. पहिल्या तासातच आम्ही त्या दाराला सोफा आडवा लावला. पुढील दोन दिवस घरातील एक मोठे माणूस त्या सोफ्यावर बसून राहिले. याला विश्रांती म्हणावयाची असेल तर म्हणावी.

पाण्यात बुडण्याचे प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वाधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये कायदाच केला की खासगी तरणतलावाला कुंपण, आच्छादन किंवा धोक्याची घंटा यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे, आणि सुट्टीपुरत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांनाही तो लागू आहे. आपल्याकडे हे सारे मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेले असते.

परंतु आमच्यावर जो प्रसंग आला, तो तलावाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नात स्नानगृहात गेली आणि तिने आतून कडी लावली. आमच्या घरी स्नानगृहाची कडी तिच्या हाताच्या वर आहे. तिच्या आजोबांनी ती मुद्दाम वर बसवून घेतली होती. या घरची कडी खाली होती, नवी होती आणि जड होती. ती लागली, निघेना. आत गरम पाण्याची बादली भरलेली, गीझर चालू. “आजी, उघडत नाही,” एवढे ती म्हणाली आणि रडू लागली. राखणदाराकडे त्या दाराची किल्ली नव्हती. मालकाचा दूरध्वनी लागेना. सूनबाई दाराशी बसून तिला गोष्ट सांगत राहिली, चिरंजीवांनी मुख्य बटण बंद केले आणि राखणदाराने मागच्या बाजूने शिडी लावून वरच्या झरोक्याच्या काचा काढल्या. वीस मिनिटे लागली. मुलीला इजा झाली नाही. त्या काचांचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापून घेतले गेले. त्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. राखणदाराचा मात्र आदराने उल्लेख करते. तो नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मनाला शिवू देत नाही.

त्या वीस मिनिटांत मला एक गोष्ट उमगली. आपले घर सुरक्षित असते, ते त्याच्या भिंतींमुळे नव्हे. गॅसची बटणे झाकलेली असतात, औषधांचा डबा कपाटावर गेलेला असतो, जिन्याला फळी लागलेली असते, कोपऱ्यातील टेबल माळ्यावर ठेवलेले असते. पहिले मूल जन्मल्यापासून एकेक खोच लागून, एकेक भीती वाटून, घर त्या मुलाच्या मापाचे होत गेलेले असते. हे काम कोणी केले, केव्हा केले, हे आपल्या ध्यानीही नसते. परक्या घरात दुपारी दोन वाजता पाऊल टाकताच ते सारे श्रम शून्यावर येतात, आणि दुसऱ्या सकाळी अकराला घर रिकामे करावयाचे असल्याने ते पुन्हा उभारण्याइतका अवधीही नसतो. हॉटेलातही हे घडते, नाही असे नाही. परंतु हॉटेलची एक खोली असते, तिच्यावर नजर पुरते. येथे तीन मजले, दोन गच्च्या आणि एकर-दोन एकर वाडी.

अमेरिकेतील एक उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. २०२१ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात सात वर्षांचा एक मुलगा घरगुती लिफ्टमध्ये अडकून मृत्युमुखी पडला. त्यानंतर तेथील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा शासकीय आयोग पुढे सरसावला आणि अशी घरे भाड्याने लावून देणाऱ्या कंपन्यांना त्याने कळविले की, या लिफ्ट बंद ठेवल्याखेरीज घरे देऊ देऊ नका. त्या घरात कायम राहणाऱ्या कुटुंबाला तो धोका कदाचित ठाऊक असता. दोन दिवसांच्या पाहुण्याला तो कसा कळावा?

डहाणू-तलासरीच्या बाबतीत काही गोष्टी या भूमीच्याच आहेत. वाडीत विहीर असते. तिचा कठडा शिंपणाऱ्या माणसाच्या सोयीने, बेताचाच उंच बांधलेला असतो. चिकूची बी गुळगुळीत, टोकाशी आकडा असलेली. झाडाखाली पडलेले फळ उचलून तोंडात घालणाऱ्या लहानग्याच्या घशात ती अडकू शकते. आणि माणसे अधिक असली की राखणदार जादा गाद्या आणून जमिनीवर अंथरतो, त्या हमखास मुलांच्या वाट्याला येतात. वाडीत मण्यार असते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते आणि तिचा दंश फारसा दुखत नाही, सुजतही नाही. म्हणून तो कळेपर्यंत उशीर होतो. मूल पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावे. गाद्या मोठ्यांनी घ्याव्यात असे मी म्हणणार नाही, कारण मण्यार वय पाहत नाही. माणसांइतके पलंग नसतील तर ते घर घेऊच नये.

नोव्हेंबर २०१८ पासून या दोन्ही तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, ती आपल्यापैकी अनेक जण विसरले असतील. धुंदलवाडी-हळदपाड्याकडील माणसे विसरलेली नाहीत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता, आणि घाबरून बाहेर धावताना पडून एका चिमुकलीचा प्राण गेला. थंडीच्या रात्री कुटुंबे तंबूंत आणि अंगणांत झोपली. पुढील वर्षांतही धक्के येत राहिले. मी हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. धक्के लहान असतात, आणि तेथील रहिवासी त्यांच्यासह संसार करीत आहेत. परंतु ते रहिवासी अंधारातही आपल्या दारापर्यंत पोहोचतात. परक्या बंगल्यात रात्री दोन वाजता भांडी खणखणली तर दिव्याचे बटण कोठे, जाळीच्या दाराची किल्ली कोणाजवळ, धाकटा कोणाच्या खोलीत झोपला आहे? आम्ही त्या रात्री जाळीला कुलूप लावून किल्ली कोठे ठेवली होती, हे सकाळी शोधावे लागले.

आता स्वयंपाकघराविषयी, कारण त्या भगिनींचा खरा भर त्यावरच होता. स्वयंपाकघर आपल्या हाती राहते, हे अर्धेच खरे. आदल्या पाहुण्यांनी त्याच कढईत काय शिजविले होते, हे विचारून जे उत्तर मिळेल ते ऐकण्याची तयारी हवी. आम्ही दोन पातेली, तवा, कुकर, गाळण्याचे वस्त्र आणि बाळाची वाटी घरूनच नेली; तीच रीत बरी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेथील स्वयंपाकी बाई पाहुण्यांच्या सवयीप्रमाणे आठ-नऊला जेवण वाढण्यास बांधलेल्या. साडेपाचला मुलांची ताटे मांडावयाची, तर चारपासून ओट्याशी उभे कोण राहणार? सूनबाईच. बोअरचे पाणी उकळून, गाळून, निववून ठेवणार कोण? तीच. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, “आई, पुढच्या वेळी तुम्ही सगळे जा, मी घरी राहते.” आमच्या पुरुष मंडळींना या वाक्याचा अर्थ लागण्यास चारोटी गेल्यानंतरही बराच वेळ लागला.

आपल्या आधीच्या पिढीने हवापालटासाठी सॅनिटोरियम आणि धर्मशाळा बांधल्या. देवळालीला त्या आजही दिसतात. खोल्या साध्या, नळ बाहेर, खाटा लोखंडी. परंतु तेथे दाराशी मुनीम असे, भोजनशाळा वेळेवर बंद होई, आणि शेजारच्या खोलीतील अनोळखी काकू आपल्या मुलाला जिन्यावरून मागे ओढीत असत. एकांत नव्हता, हीच त्यांची तक्रार होती. एकांतासाठी आज आपण पैसे मोजतो, आणि पाच वर्षांखालील मूल बरोबर असताना एकांत ही फारशी इष्ट वस्तू नाही, असे माझे मत झाले आहे. जेथे मालकाचे कुटुंब स्वतः राहते आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांना देते, असे घर मला यापेक्षा बरे वाटते. राज्याची निवास-न्याहारी योजना याच कल्पनेवर उभी आहे. ज्या घरात मालकाची नातवंडे खेळतात, तेथील विहिरीवर जाळी असतेच.

त्या भगिनींना मी पैसे भरण्यापूर्वी मालकाला विचारावयाचे प्रश्न सांगितले. तलावाला कुंपण आहे का? विहीर झाकलेली आहे का? स्नानगृहांच्या कड्या बाहेरून उघडतात का, आणि सर्व दारांच्या जादा किल्ल्या जागेवर कोणापाशी असतात? पलंग किती? राखणदार रात्री आवारात झोपतो का? शेवटचा प्रश्न त्यांना गमतीचा वाटला: १०८ ला दूरध्वनी करावा लागला तर जागेचा पत्ता काय सांगावयाचा? वाडीतल्या बंगल्याला घर क्रमांक नसतो. मोबाइलवरचा नकाशा आपल्याला तेथे पोहोचवितो, पण पाड्याचे नाव आणि जवळची खूण तोंडपाठ नसेल तर रुग्णवाहिका रस्त्यावर फिरत राहते. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे; आपल्या बंगल्यापासून त्यांपैकी कोणते जवळ, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे.

परवा त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. मालकाने बहुतेक प्रश्नांची उत्तरे सौजन्याने दिली, पलंग आठ आहेत, राखणदार आवारातच राहतो. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, असेही तो म्हणाला. “मग तिचे छायाचित्र पाठवा,” असे यांनी सुचविले. तो “लगेच पाठवितो” म्हणाला. त्याला आता नऊ दिवस झाले.