झारीतील शुक्राचार्य

बळीराजाच्या दानसंकल्पाच्या वेळी शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, पाणी अडले आणि वामनाने दर्भाच्या काडीने तो अडथळा दूर केला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तेलशुद्धीकरण कारखान्यांतही अशी झारी वारंवार तुंबते. तेथे मात्र काडीचा उपाय घातक ठरतो.

कच्च्या तेलातील क्षार डिसॉल्टरमध्ये बव्हंशी धुतले जातात. उरलेल्यांपासून उष्णतेने हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होते आणि ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावरील पाइप पोखरते. म्हणून तेथे आम्लनाशक अमाइन, गंजरोधक रसायन आणि साचलेले क्षार धुणारे पाणी नोझलमधून सोडतात. फवारा सर्वत्र सारखा पसरला तरच उपाय लागू पडतो. नोझल तुंबले, की पाइपच्या आत गंज बिनबोभाट वाढतो.

इंग्लंडमधील हंबर शुद्धीकरण कारखान्यात १६ एप्रिल २००१ रोजी मोठा स्फोट झाला. तेथे तर नोझल बसवलेलेच नव्हते. पाणी थेट वायूच्या पाइपात सोडले जाई. त्याने पुढच्या वळणावरील धातूचा संरक्षक थर धुऊन नेला, पाइप झिजला आणि फुटला. ईस्टरच्या सुट्टीमुळे आवारात माणसे थोडी होती. जीवितहानी झाली नाही.

नोझल तुंबण्याची कारणे मुळीच गूढ नाहीत. गाळणीची छिद्रे नोझलच्या भोकापेक्षा मोठी, पाणी जड, दोन न जुळणारी रसायने एकाच नळीतून. आणि सर्वांत सर्रास म्हणजे पंप बंद करून नोझल तापल्या पाइपात तसेच सोडणे. आतले रसायन भाजून डांबरासारखे चिकटते. मग कोणीतरी तार घालून भोक कोरतो. भोक रुंदावते, फवाऱ्याची धार होते आणि ती धार समोरच्या भिंतीवर आदळून तिलाच झिजवते!

वस्तुतः उपाय साधे आहेत. एक गाळणी धुताना दुसरी चालू राहील अशी जोडी हवी. क्षारविरहित पाणी हवे. पंप थांबवण्यापूर्वी रसायनाची नळी स्वच्छ द्रावाने धुवावी. दाब चढत असताना प्रवाह घटू लागला, तर तोटी तुंबू लागली हे ओळखावे. यासाठी कोणाकडून तंत्रज्ञान उसने आणण्याची आवश्यकता नाही.

आणि नेमके येथेच आपले दुखणे आहे. १९७४ आणि १९७६ मध्ये माहुलचे कारखाने विदेशी कंपन्यांकडून राष्ट्राच्या मालकीचे झाले. आज देशाची शुद्धीकरण क्षमता वर्षाला पंचवीस कोटी टनांहून अधिक आहे. याचा अभिमान अवश्य असावा. तथापि मालकी स्वदेशी झाली म्हणजे निगराणीचा संस्कार आपोआप येत नाही. खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडूची माळ घालतो, १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याचे पूजन करतो. त्या यंत्राची गाळणी शेवटची कधी धुतली, हे मात्र नोंदवहीत सापडत नाही. (काही ठिकाणी नोंदवहीच सापडत नाही.)

दोष कामगाराच्या माथी मारणे सोपे असते. परंतु जोडगाळणीचा खर्च वाचवणारा त्या पाळीत नसतो. दर वर्षी कंत्राट बदलते, त्याबरोबर माणसे बदलतात. पंपाचा आवाज किंचित बदलला की तुंबणे सुरू झाले, हे ज्याच्या कानाला कळत असे, तो फाटकाबाहेर गेलेला असतो. नव्या माणसाच्या हाती आपण काय देतो? तार!