मंगळावरचा तलाव आणि आपले तलाव

‘मंगळावर यान धाडून आम्हांस काय मिळाले?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो. प्रश्न गैर नव्हे. ४५० कोटी रुपयांचा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेला आहेच. मात्र उत्तर ऐकून घेण्याची तयारीही हवी.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. पहिल्याच प्रयत्नात हे साधणारे भारत हे पहिले राष्ट्र होय. त्या दिवशी पृथ्वीवरून यानापर्यंत संदेश पोहोचावयास बारा मिनिटे लागत होती आणि ऐन मोक्याच्या वेळी यान मंगळाच्या आड गेले होते. दोन दिवस आधीची अल्पशी चाचणी सोडता सुमारे ३०० दिवस निजून राहिलेले इंजिन पेटविणे, ते सुमारे तेवीस मिनिटे चालविणे व वेळेवर विझविणे, हे सारे यंत्राने आधी भरून ठेवलेल्या आज्ञांबरहुकूम एकट्याने केले. सहा महिन्यांसाठी बांधलेले हे यान जवळजवळ आठ वर्षे टिकले. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला.

त्यावरील पाच उपकरणांपैकी एक हायड्रोजन व जड हायड्रोजन यांचे प्रमाण मोजण्यासाठी होते. पाण्याची वाफ सूर्यकिरणांनी फुटली म्हणजे हलका हायड्रोजन आधी अवकाशात निसटतो, जड मागे उरतो. त्या शेषावरून गेलेल्या पाण्याचा अदमास बांधता येतो. २०२१ मध्ये अमेरिकेची ‘पर्सेव्हरन्स’ ही फिरती गाडी जेझेरो विवरात उतरली. अब्जावधी वर्षांपूर्वी तेथे तलाव होता. त्याला मिळणाऱ्या नदीचा गाळ आज खडक होऊन पडला आहे. मंगळाचे चुंबकीय कवच लोपले, सूर्यावरून येणाऱ्या कणप्रवाहाने त्याचे वातावरण विरळ केले आणि पृष्ठभागावरचे पाणी गेले.

ही कथा तलावांच्या जिल्ह्याला परकी वाटू नये. कोहळी समाजाच्या कसबाने उभे राहिलेले मालगुजारी तलाव ही भंडाऱ्याची शतकानुशतकांची पुंजी आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर तलावाची काळजी वाहणारा धनीही गेला आणि अनेक तलावांत गाळ साचत राहिला. मंगळाचे पाणी निसर्गाने नेले. येथे तसा कोणताही निसर्गकोप झालेला नाही.

मग मंगळाचा पैसा तलावांवरच का खर्चू नये, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. कोट्यवधी कोसांवरचे इंजिन ठरल्या क्षणी पेटविणाऱ्या देशाला पावसाळ्यापूर्वी तलावाची पाळ दुरुस्त करणे अशक्य का व्हावे? उणीव केवळ पैशाची नाही. काम कोणाचे, ते केव्हा व्हावयाचे आणि चुकल्यास जाब कोणी द्यावयाचा, हे आधीच ठरवून ठेवणाऱ्या शिस्तीची ती उणीव आहे. येथे एकदा पाणी होते, याचा पुरावा आपल्या नातवंडांना खडकांत शोधावा लागू नये, एवढी दक्षता जिल्हा परिषदेने, पाटबंधारे खात्याने आणि गावोगावच्या नागरिकांनी घेतलीच पाहिजे.