मुलांच्या चित्रातला शास्त्रज्ञ

विस्कटलेले केस, पांढरा डगला, हातात फसफसती परीक्षानळी आणि एकलकोंडा, काहीसा माथेफिरू पुरुष : १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर'पर्यंत चित्रपटांनी शास्त्रज्ञ बहुधा असाच रंगविला.

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी शास्त्रज्ञाची चित्रे काढली होती. स्त्री अवघ्या २८ चित्रांत होती. तीही मुलींनीच काढलेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आढाव्यानुसार १९८५ नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आले. परंतु वय वाढते तशी मुले पुरुषच अधिक रेखाटतात, असेही आढळले. म्हणजेच ही समजूत जन्मजात नव्हे, ती शिकविली जाते.

आमच्या दवाखान्यात येणारे मूल डॉक्टर प्रत्यक्ष पाहते. शास्त्रज्ञ त्याला पडद्यावरच भेटतो. जॉन ग्लेन यांच्या १९६२ मधील अंतराळप्रवासाची गणिते तपासणाऱ्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन सर्वसामान्य प्रेक्षकांना कळल्या त्या २०१६ च्या 'हिडन फिगर्स'मुळे, अर्धशतकानंतर!

ज्यांना शतकानुशतके ज्ञानाच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्या आपल्या समाजाने तरी आपली लेकरे या चित्राबाहेर राहू देऊ नयेत. पालकहो, मुलांसोबत बसून दूरदर्शन पाहा, त्यांना प्रश्न विचारा, आपल्यातील संशोधक बंधुभगिनींशी त्यांची गाठ घालून द्या. मग मुलीला शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगा. तिने त्यात स्वतःचा चेहरा रेखाटावा, हीच आमची आकांक्षा आहे.