केशवचा राग
हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या केशव दळवीचा मला आजही संताप येतो. बायकोच्या, उषाच्या कमाईवर जगायचं आणि तिच्यावरच संशय घ्यायचा! अमोल पालेकरांनी तो इतका साधा, घरातलाच वाटेल असा उभा केलाय, की खलनायक म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही. पुढे उषा ज्याच्याकडे राहायला जाते, त्या काळेच्या वाड्याबाहेर तिला पाऊल टाकता येत नाही, ती कैद निदान दिसते तरी. केशवची दिसत नाही, म्हणून मला तीच जास्त भयंकर वाटते.

या अंकातल्या लेखकांनी अशा पुरुषांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. कुणाला चीड आली, कुणाला कीव. स्मिता पाटील यांच्या उषाची बाजू मात्र एकानेही सोडलेली नाही, याचं मला फार समाधान आहे.