विश्लेषण : पट्टी ठाण्याची, चित्र कल्याणचं! लाइव्ह टीव्हीवर अशी गफलत होते कशी?

मतमोजणीच्या दिवशी अशी एखादी क्लिप हमखास फिरते. खाली पट्टी ठाण्याची आणि वार्ताहर बोलतोय कल्याणबद्दल. किंवा चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा. चूक काही सेकंदांत सुधारली जाते, पण तोवर स्क्रीन रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं असतं. सोबत ओळ असते : ‘सगळं आधीच ठरलं होतं, हा घ्या पुरावा.’

हा पुरावा बहुतेक वेळा वाहिनीच्या राउटरचा असतो.

हा वायफायचा राउटर नव्हे

ब्रॉडकास्ट राउटर म्हणजे टीव्ही केंद्रातलं टेलिफोन एक्स्चेंज समजा. एका बाजूने कॅमेरे, ओबी व्हॅन, वार्ताहरांचे बॅकपॅक, ग्राफिक्स असे सिग्नल आत येतात. दुसऱ्या बाजूला स्टुडिओचा स्विचर, मॉनिटर, रेकॉर्डर असतात. कोणता सिग्नल कुठे जोडायचा, हे बटण दाबून ठरतं. एक सिग्नल दहा ठिकाणी पाठवता येतो. एका ठिकाणी मात्र एका वेळी एकच चित्र.

राउटरला ठाणे-कल्याण काही कळत नाही. त्याच्या लेखी ते इनपुट 41 आणि इनपुट 42. नावं इंजिनिअर देतो. गोची इथेच होते. बॅकपॅकमधून चार-सहा सिमकार्डांवरून येणारं चित्र केंद्रातल्या ठरावीक रिसीव्हरवर उतरतं. काल ठाण्याला गेलेला बॅकपॅक आज सकाळी कल्याणला पाठवला आणि राउटरवरचं नाव बदलायचं राहिलं, की बटणावर ‘ठाणे’ आणि पडद्यावर कल्याण.

4 जून 2024 चा लोकसभा निकाल आठवा. ठाणे आणि कल्याण, दोन्हीकडे लढत शिंदेंची शिवसेना विरुद्ध ठाकरेंची शिवसेना. दोन्हीकडे भगवे झेंडे, गुलाल, त्याच घोषणा. नरेश म्हस्के आणि श्रीकांत शिंदे दोघेही दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. नुसती गर्दी बघून गाव ओळखणं पॅनेलवर बसलेल्याला अशक्यच. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला विधानसभेला तर ठाणे जिल्ह्यातल्याच 18 जागांची मोजणी एका दिवशी होती.

मग आवाज वेगळा कसा?

एसडीआय केबलमधून चित्रासोबत 16 पर्यंत ऑडिओ चॅनेल जातात, पण राउटरवर दोन्ही वेगवेगळे जोडता येतात. मिरवणुकीच्या चित्रावर निवेदकाचा आवाज हवा असेल तर हे लागतंच. काम झाल्यावर पुन्हा एकत्र करायला विसरलात, की पुढचं चित्र जुन्या आवाजासह येतं. 2017 पासून आलेल्या एसएमपीटीई 2110 या आयपी पद्धतीत तर चित्र आणि आवाज मुळातच स्वतंत्र प्रवाह असतात, प्रत्येकाला आपला पत्ता. दोघांना चुकून एकच पत्ता दिला तर दोन्ही बिघडतात. पूर्वी चुकीची केबल हाताने शोधता यायची. आता चूक एक्सेलच्या रकान्यात लपलेली असते.

वार्ताहर मध्येच कानाला हात लावून अडखळतो, तेही यातलंच. त्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं जायला हवं. जोडणी चुकली तर स्वतःचंच वाक्य दीड-दोन सेकंदांनी ऐकू येतं. बोलून बघा कधी, जमत नाही.

उपाय साधे आहेत. इनपुटला गावाचं नव्हे, बॅकपॅकचं नाव द्यायचं, महत्त्वाच्या जोडण्या लॉक करायच्या, आणि सकाळी आठला मोजणी सुरू होण्याआधी प्रत्येक वार्ताहराला कॅमेऱ्यासमोर ‘मी अमुक ठिकाणी’ असं म्हणायला लावायचं. चूक झालीच तर निवेदकाने एका वाक्यात सांगून टाकावं. बहुतेक वेळा तसं काही न सांगता पुढे जातात, आणि संशयाला जागा मिळते.

आकड्यांचं काय?

पडद्यावरचे आकडे कॅमेऱ्यातून येत नाहीत. ते ग्राफिक्सच्या संगणकावरून, वेगळ्या वाटेने येतात. चित्र चुकलं म्हणून आकडा बदलत नाही, आणि वाहिनीचा आकडा चुकला तरी ईव्हीएममधलं मत हलत नाही. अधिकृत आकडे निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर दिसतात. शंका खरोखर असेल तर मतदान संपताना केंद्रावरच्या प्रतिनिधींना मिळणारा फॉर्म 17सी घ्या. त्यात त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते असतं. निकालानंतरच्या फॉर्म 20 मध्ये केंद्रनिहाय मतं असतात. दोन्हींची बेरीज जुळते का, ते पाहा.