संगणक ठणठणीत, मुदत मात्र संपली : विंडोज 10 नंतर आपण काय करायचं?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी दिली जाणारी मोफत सुरक्षा अपडेट्स बंद केली. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी याची तयारी आधीच करून ठेवली होती. आपल्या घरांमध्ये मात्र ही गोष्ट आता कुठे लक्षात येतेय. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना येते, मुलं घाबरून म्हणतात, "अब्बू, कॉम्प्युटर बाद झाला," आणि दुकानदार सल्ला देतो, "आता नवीनच घ्या." कॉम्प्युटर बाद झालेला नाही, आणि लगेच नवीन घेण्याचीही गरज नाही. पण "चालतंय ना, मग राहू दे" म्हणून सोडून देणंही बरोबर नाही.

आधी नेमकं काय बंद झालं ते समजून घेऊ. विंडोज 10 जुलै 2015 मध्ये बाजारात आलं. कोणत्याही प्रणालीत वेळोवेळी त्रुटी सापडतात, आणि कंपनी दर महिन्याला त्या दुरुस्त करून पाठवते. ही दुरुस्ती आता थांबली. घराचं कुलूप तेच आहे, पण त्यात खोट सापडली तर ती काढून द्यायला कुणी येणार नाही, असा याचा अर्थ. धोका काल्पनिक नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरातले लाखो संगणक बंद पाडून खंडणी मागितली. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. त्या त्रुटीची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये आली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते अडकले.

मग सगळ्यांनी विंडोज 11 घ्यावं, ते तर मोफत आहे, असं कुणी म्हणेल. अडचण इथंच आहे. विंडोज 11 ला 'टीपीएम 2.0' नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे 2018 च्या आधीचे बहुतेक संगणक या परीक्षेत नापास. आता आठवा 2020 चं लॉकडाऊन. ऑनलाइन वर्गांसाठी कितीतरी पालकांनी पोटाला चिमटा काढून ऑफिसातून निघालेले सेकंडहँड लॅपटॉप घेतले. ते बहुतेक चौथ्या ते सातव्या पिढीचे. आजही त्यांवर स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात, दहावी-बारावीचे व्हिडिओ बघितले जातात, मराठी-उर्दू टायपिंग होतं. यंत्रात दोष नाही. त्याची मुदत कंपनीने ठरवली आणि खर्च ग्राहकाच्या माथी मारला.

युरोपात काय झालं ते बघण्यासारखं आहे. कंपनीने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव सुरक्षा देऊ केली, पण अटींसह. एकतर संगणकाची सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांच्या 'रिवॉर्ड्स' योजनेचे 1000 पॉइंट द्या, नाहीतर 30 डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरा. तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला आणि युरोपसाठी सेटिंग्ज क्लाउडवर ठेवण्याची अट काढली गेली. फक्त खात्याने लॉगिन ठेवावं लागतं. यंत्र तेच, प्रणाली तीच, पण आपल्यासाठी अट कायम. कारण एकच, त्यांनी एकत्र येऊन विचारलं.

तोपर्यंत घरच्या घरी काय करता येईल?

पहिलं, विंडोजची खूण असलेलं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, 'विनव्हर' इंग्रजीत टाइप करा. '22एच2' दिसलं तर तुम्ही वाढीव सुरक्षा घेऊ शकता. तसं नसेल तर आधी अपडेट करून घ्या.

दुसरं, सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'विंडोज अपडेट' उघडा. तिथे 'एनरोल नाऊ' दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पैसे न भरता काम होण्यासाठी फक्त सेटिंग्जचा बॅकअप पुरतो. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बंद ठेवा, कारण क्लाउडची मोफत जागा 5 जीबीच आहे, ती भरली की पैसे मागणाऱ्या सूचना सुरू होतात. पैसे किंवा पॉइंट देऊन घेतलेली सुरक्षा एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत चालते. भाऊ-भाऊ मिळून एकदाच घेता येईल.

तिसरं, संगणक 2018 नंतरचा असेल आणि तरी विंडोज 11 नाकारत असेल, तर टीपीएम चिप बंद करून ठेवलेली असू शकते. जाणकाराकडून ती सुरू करून घ्या. मात्र अपात्र संगणकावर जुगाड करून विंडोज 11 टाकून देणाऱ्यांपासून सावध राहा. पुढची अपडेट्स मिळतील याची हमी कंपनी देत नाही.

चौथं, फारच जुना संगणक असेल तर 'लिनक्स मिंट'सारखी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघा. पसंत पडली तरच टाका. ब्राउझर आणि 'लिब्रेऑफिस' नीट चालतं, युनिकोड मराठी उमटतं, 'नोटो नस्तालिक' फॉन्टमध्ये उर्दूही छान दिसते. इनपेजच्या जुन्या फाइली मात्र तिथे सहजासहजी उघडत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि एक इशारा. "तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" अशी खिडकी उघडली तर फोन करू नका. ती फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

शाळांचा प्रश्न वेगळा आहे. शैक्षणिक संस्थांसाठी हीच वाढीव सुरक्षा पहिल्या वर्षी प्रति संगणक 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर अशी ठेवली आहे. अनुदानित शाळेलाही हे परवडेल. लॅबमधले वीस संगणक भंगारात काढण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी निदान चौकशी करावी. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षांपासून मोफत लिनक्सवरच मुलांना शिकवत आहेत. तिथली मुलं मागे पडलेली नाहीत.

आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करण्याचा हक्क, ही त्यामागची कल्पना. पण स्क्रीन आणि बॅटरी दुरुस्त होऊन उपयोग काय, जर आतली प्रणालीच कंपनीने सोडून दिली? लॅपटॉप विकताना त्याला किती वर्षं अपडेट मिळतील हे खोक्यावर छापलं पाहिजे, जशी औषधावर तारीख असते. ही मागणी ग्राहक म्हणून आपण करू शकतो, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रारही नोंदवू शकतो. पुढच्या वेळी सेकंडहँड लॅपटॉप घेताना मात्र रॅम आणि हार्डडिस्कच्या आधी प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, ते विचारा. स्वस्त मिळालेलं यंत्र दोन वर्षांत नाकारलं गेलं, तर ते स्वस्त कसं?